गाडी सोडणाऱ्याचे शिक्षण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांवर विद्वान लोक बोलतात. मी विद्वान नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात, कामगारांच्या बैठकीत आणि गाडीखाली उताणे पडून झाले. म्हणून ज्या माणसाला मी जवळून पाहिले आहे त्याच्याविषयीच बोलावे असे मी ठरविले. आपण सगळे रोज त्याच्या भरवशावर जीव टाकतो, पण त्याचे तोंड आपण कधी पाहिलेले नसते.

पहाटे पाचच्या सुमारास नांदेडच्या बसस्थानकावर उभे राहा. किनवटची गाडी लागलेली असते, देगलूरची लागलेली असते, लातूरकडे जाणारी लागलेली असते. प्रवासी ड्रायव्हरला पाहतो, कंडक्टरला पाहतो, आणि खिडकीची जागा धरून बसतो. परंतु ही गाडी रस्त्यावर जायला लायक आहे असे आदल्या रात्री आगारात कोणीतरी ठरविलेले असते. त्याने ते कागदावर लिहून खाली सही केलेली असते. एस.टी.च्या मराठी कागदपत्रांत त्याला प्रभारक म्हणतात, कामगारांच्या तोंडी तो चार्जमन. मालवाहू गाड्यांच्या अड्ड्यावर त्यालाच हेडमिस्त्री किंवा नुसते उस्ताद म्हणतात. पुस्तकी शब्द हवा असेल तर वाहन-देखभाल पर्यवेक्षक म्हणा. हा माणूस तयार कसा होतो, आणि त्याला जे शिकवायला हवे ते आपण शिकवतो का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आधी थोडा मागचा हिशेब सांगतो. आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे सरकारी बसवाहतूक १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्याच्या एका विभागाने २७ गाड्यांनिशी सुरू केली. इकडे मुंबई राज्यात पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, धावली. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले तेव्हा मराठवाड्याची आणि विदर्भाची वाहतूक एका छत्राखाली आली. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळचे हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. मोठी कामे आणि गाड्यांचे सांगाडे बांधण्याचे काम तिथे चालते. त्याखाली विभागीय कार्यशाळा, आणि सर्वांत खाली आगार. नांदेड विभागात किनवट, माहूर, देगलूर, मुखेड, कंधार अशी आगारे आहेत; लातूर विभागात उदगीर, निलंगा, औसा, अहमदपूर ही आहेत. मोठ्या कार्यशाळेत गाडी केव्हातरी एकदा जाते. आगारात ती रोज रात्री येते. म्हणून प्रवाशाच्या जिवाचा रोजचा हिशेब आगारातच होतो.

आता या पदाकडे जाण्याचा रस्ता पाहू. खरे तर रस्ते दोन आहेत. पहिला हाताचा. दहावी झालेला मुलगा, आणि आता मुलगीही, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत म्हणजे आय.टी.आय.त मोटर मेकॅनिकचा २ वर्षांचा किंवा डिझेल मेकॅनिकचा १ वर्षाचा अभ्यास करते. मग १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आगारात उमेदवारी. पुढे भरती निघाली तर सहाय्यक, त्यानंतर कारागीर, त्यातही क, ब, अ अशा पायऱ्या, आणि केस पांढरे व्हायला लागले की प्रभारकाची खुर्ची. दुसरा रस्ता वहीचा. नांदेडचे शासकीय तंत्रनिकेतन किंवा लातूरचे पूरणमल लाहोटी तंत्रनिकेतन अशा ठिकाणी डिप्लोमा घ्यायचा, आणि तरुणपणीच वरच्या जागेवर बसायचे.

या दोन रस्त्यांनी आलेल्या माणसांचे आपसांत फारसे पटत नाही. हाताने वर आलेला म्हणतो, "त्याला पान्याचा नंबर तरी कळतो का?" डिप्लोमावाला म्हणतो, "यांना दोन ओळींचा अहवाल लिहिता येत नाही." मी दोघांच्याही बैठकीत बसलो आहे, आणि माझे मत असे की दोघेही खरे बोलतात. प्रत्येकाजवळ निम्मे शिक्षण आहे. तेव्हा कोणते निम्मे कोणाजवळ नाही, ते नीट पाहिले पाहिजे.

हाताचे शिक्षण म्हणजे केवळ नट आवळणे नव्हे. आपल्या मुलखात गाडीला काय होते ते ओळखणे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. रेडिएटरमध्ये गाळ साठलेला असेल तर तो डिसेंबरात गप्प बसतो आणि मेमध्ये भर रस्त्यात बोलतो. काळ्या जमिनीची धूळ हवेच्या फिल्टरमध्ये बसली की इंजिनाला श्वास पुरत नाही, धूर काळा येतो आणि डिझेल जास्त जाते. पावसाळ्यात हाच काळा चिखल चाकांच्या आत आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांवर बसतो. ग्रीस वेळेवर भरले नाही तर सांधा झिजतो. किनवट-माहूरकडे चढउताराचा रस्ता आहे, तिथे ब्रेकचे ड्रम तापतात. लातूरच्या सपाट रस्त्यावर जे लायनर चालून जाते ते तिथे चालेलच असे नाही.

एक साधे उदाहरण देतो. आजच्या बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिनावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो, आणि ड्रायव्हरने पाय ठेवला की ती हवा चाकांकडे जाऊन ब्रेक लावते. हवेत बाष्प असते. दाबलेली गरम हवा टाकीत थंड झाली की त्या बाष्पाचे पाणी होते. गाडीत पाणी रोखण्याची सोय असली तरी ती जुनी होते, म्हणून टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढून टाकावे लागते. काम दोन मिनिटांचे. परंतु ते केले नाही तर टाकीत हवेला जागा कमी उरते, आत गंज धरतो, आणि तो गंज वाल्वमध्ये जाऊन अडकतो. कॉक उघडल्यावर नुसते पाणी न येता तेलकट पाणी आले, तर कॉम्प्रेसर तेल फेकतो आहे हे शहाण्या कारागिराला तिथल्या तिथे कळते. हे पुस्तकात असते, पण बोटाला तेल लागल्याशिवाय ते लक्षात राहत नाही.

उभी गाडी झिजत नाही, असाही पुष्कळांचा समज असतो. २०२० च्या टाळेबंदीत आणि पुढे २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात पुष्कळ गाड्या महिनोन्महिने जागेवर होत्या. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, रबरी वॉशर सुकून चिरतात. अशी गाडी किल्ली फिरवून सुरू झाली म्हणजे ती रस्त्यावर जायला तयार झाली, असे नव्हे. हे सांगणाराही हाताचे शिक्षण झालेला माणूसच असतो.

आता वहीचे शिक्षण. कारागीर एका गाडीकडे पाहतो, पर्यवेक्षकाला साऱ्या गाड्यांकडे एकदम पाहावे लागते, आणि ते डोळ्यांनी होत नाही, आकड्यांनी होते. देशभरच्या एस.टी. मंडळांत गाडी वाटेत बंद पडण्याचे प्रमाण दर १०,००० किलोमीटरमागे मोजतात. समजा, एका आगारात ६० गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडी रोज ३०० किलोमीटर जाते. महिन्याच्या ३० दिवसांत ५,४०,००० किलोमीटर झाले. त्यात २७ वेळा गाडी वाटेत बंद पडली, तर प्रमाण आले ०.५. साहेब आकडा पाहून खूश. पण त्या २७ पैकी ९ वेळा त्याच दोन गाड्या बंद पडल्या असतील तर? आगाराचा आकडा चांगला, आणि त्या दोन गाड्यांचे प्रवासी मात्र उन्हात बाभळीखाली बसलेले. सरासरीच्या मागे लपलेली गाडी शोधून काढणे हे पर्यवेक्षकाचे काम आहे.

डिझेलचेही तसेच. एस.टी.त दहा लिटरला गाडी किती किलोमीटर जाते ते पाहतात. समजा, एखादी गाडी ४५ वरून ४२ वर आली. दिसायला फरक तीनचा. पण ३०० किलोमीटरला रोज पावणेपाच लिटर जास्त गेले, म्हणजे महिन्याला सुमारे १४३ लिटर. हे ड्रायव्हरच्या पायामुळे झाले, फिल्टरमुळे झाले, की ब्रेक चाकाला घासत राहिल्यामुळे? रागावण्यापूर्वी वही उघडावी. ड्रायव्हर बदलूनही आकडा तोच राहिला, तर संशय आधी गाडीवर घ्यावा. ड्रायव्हरला नोटीस देण्यापूर्वी हा हिशेब कितीजण करतात, असे मी बैठकीत विचारतो तेव्हा सभा हसते. त्या हसण्यातच उत्तर असते.

वहीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पुन्हा पुन्हा आलेली तक्रार. ड्रायव्हर लिहितो, "ब्रेक डावीकडे ओढतो." कारागीर लिहितो, "ॲडजस्ट केला." तीन दिवसांनी तीच तक्रार, तेच उत्तर. तिसऱ्यांदा ती ओळ दिसली की पर्यवेक्षकाने समजावे, आपण दुरुस्ती करीत नसून तक्रार पुढे ढकलीत आहोत. तक्रार पुढे ढकलली की काय होते, ते मी पाहिले आहे.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा. एका मालकाच्या ट्रकांच्या अड्ड्यावर हेल्पर होतो. मालकाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, असे अड्डे तेव्हा गावोगाव होते. तिथले हेडमिस्त्री वयस्कर होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. एका ट्रकचे ब्रेक ऑइल रोज थोडे कमी व्हायचे. रोज सकाळी मी बाटली घेऊन ते वरपर्यंत भरायचा आणि चाचांना सांगायचा, "भरलं." पाच-सहा दिवस असे चालले. ऑइल जाते कुठे, हे मी विचारले नाही, कारण मला कळत नव्हते. चाचांना कळत होते. मागच्या चाकातले ब्रेकचे रबर गेले होते. ते बदलायचे तर गाडी दिवसभर उभी करावी लागणार होती, आणि तुरीचा हंगाम होता, पोती लातूरच्या बाजारात पोचवायची होती. चाचांनी मालकाला एकदा सांगितले. मालक म्हणाला, "परवा करू." चाचा पुन्हा बोलले नाहीत.

माल उतरवून रिकामी गाडी परत येत होती. लोह्याच्या अलीकडे उतारावर ब्रेक लागला नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. विचार करायला वेळ कसला? ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या कडेला शेतात घातली. समोरून येणारी माणसे वाचली. त्याचा पाय मोडला तो कायमचा अधू झाला. मालकाने सर्वांसमोर सांगितले की तो पिऊन होता. तो पीत नसे. मला ठाऊक होते, चाचांना ठाऊक होते, आणि आम्ही दोघे गप्प बसलो. कागद म्हणून काहीच नव्हता. रोज भरलेल्या ऑइलची नोंद कोणी ठेवली होती? काही दिवसांनी चाचा मला म्हणाले, "पोरा, मला काम येत होतं. नाही म्हणायला आलं नाही." मी पुढे संघटनेच्या कामात पडलो त्याला कारणे पुष्कळ आहेत, पण त्यातले हे एक.

तेव्हा मित्रहो, माझा मुद्दा हा आहे. पर्यवेक्षकाचे शेवटचे आणि खरे शिक्षण म्हणजे "ही गाडी आज जाणार नाही" असे म्हणण्याचे शिक्षण. हाताचे शिक्षण आय.टी.आय. देते, वहीचे तंत्रनिकेतन देते. एस.टी.ची भोसरीला मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही पुष्कळ शिकता येते. परंतु नकार वर्गात शिकवून येत नाही. प्रवासी खोळंबले आहेत, वेळापत्रक कोलमडते आहे, वरून फोन येतो आहे, सुटा भाग भांडारात नाही, आणि समोर पेन आहे. अशा वेळी ते पेन खाली ठेवायला ज्ञानाइतकाच आधार लागतो.

तो आधार कोण देतो? इथे कायद्याची एक गाठ आहे, ती समजून घ्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'कामगार' कोण याची व्याख्या केली, आणि पर्यवेक्षणाचे काम करून ठरावीक रकमेपेक्षा जास्त वेतन घेणाऱ्याला त्या व्याख्येबाहेर ठेवले. २०१० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम महिना १०,००० रुपये झाली. त्या कायद्याच्या जागी आणलेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. न्यायालये नुसते पदाचे नाव पाहत नाहीत, माणूस मुख्यत्वे कोणते काम करतो ते पाहतात, हे खरे. तरीही व्यवहारात काय होते? कारागीर असताना ज्याच्या पाठीशी कायदा आणि संघटना होती, तो खुर्चीवर बसताच एकटा पडतो. जबाबदारी सर्वांत जास्त आणि संरक्षण सर्वांत कमी. अशा माणसाकडून आपण नकाराची अपेक्षा करतो.

यात आम्ही संघटनेची माणसेही निर्दोष नाही, हे मी इथे कबूल करतो. चार्जमन झाला की तो मालकाचा झाला, असे आम्ही मानत आलो. त्याच्यावर अन्याय झाला तर आम्ही तोंड फिरवले. कधी कधी आमच्याच माणसाचे अर्धवट काम पास करून घेण्यासाठी आम्ही त्याच्यावर दडपण आणले. ज्याला कामगार आपला मानत नाहीत आणि मालकही आपला मानत नाही, त्याची सही कोणाच्या भीतीने होत असेल, याचा विचार आम्ही उशिरा केला.

दुसरीकडे काय चालते तेही पाहण्यासारखे आहे. जपानात टोयोटाच्या मोटार कारखान्यात कामाच्या रांगेवर कामगाराच्या हाताशी एक दोरी असे. दोष दिसला की त्याने ती ओढायची. मुकादम धावत येई, आणि दोष तिथेच निघाला नाही तर सारी रांग थांबे. दोरी ओढणाऱ्याला शिक्षा नसे, हे त्या दोरीचे खरे बळ. ब्रिटनमध्ये बस चालविणाऱ्या कंपनीला परवाना हवा असेल तर वाहतूक व्यवस्थापक म्हणून पात्रतेचा दाखला असलेल्या एका माणसाचे नाव द्यावे लागते, आणि गाड्यांच्या देखभालीवर त्याचा प्रत्यक्ष ताबा आहे की नाही हे अधिकारी पाहतात. म्हणजे जबाबदारीबरोबर अधिकारही कागदावर आला. आपल्याकडे जबाबदारी कागदावर असते आणि अधिकार फोनवर.

हे सारे आता अधिक निकडीचे झाले आहे, कारण गाड्या बदलत आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले. नव्या डिझेल गाडीत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण लागते, आणि दोष शोधायला संगणक जोडावा लागतो. नुसत्या कानाने इंजिन ओळखणारा उस्ताद तिथे अडतो. १ जून २०२२ रोजी एस.टी.ची पहिली विजेवरची 'शिवाई' त्याच पुणे–नगर रस्त्यावर धावली. विजेच्या गाडीत नारिंगी तारांतून शेकडो व्होल्टचा प्रवाह जातो. कोणती तार केव्हा हातात घ्यायची हे न शिकता पाना लावणारा जीव गमावेल. शिवाय भाडेकराराने घेतलेल्या विजेच्या गाड्यांची देखभाल ठेकेदार कंपनी करते. तिथे गाडी लायक आहे अशी सही कोणाची, आणि ती नाकारण्याची हिंमत कोणाच्या नोकरीत बसते, हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे. अपघातानंतर तो विचारून उपयोग नाही.

मग करावे काय? मोठ्या योजना मी सांगत नाही. तीन लहान गोष्टी सांगतो, त्या उद्यापासून होण्यासारख्या आहेत. एक, पर्यवेक्षक होणाऱ्या प्रत्येकाने, मग तो हाताने आलेला असो की डिप्लोमा घेऊन, एक महिना नुसती तक्रारवही वाचावी आणि दुसरा महिना रात्रपाळीत गाडीखाली काढावा. दोन, अडविलेल्या गाडीची वेगळी नोंद असावी. गाडी कोणी अडविली, कशासाठी, आणि त्याच्या मताविरुद्ध सोडायची असेल तर ती कोणाच्या लेखी हुकमाने सुटली. तोंडी हुकूम देणारे पुष्कळ असतात, पण सही मागितली की त्यांतले बहुतेक गाडी दुरुस्त करून घेतात, असा माझा अनुभव आहे. तीन, संघटनांनी या माणसाला परका मानू नये. सुरक्षिततेसाठी गाडी अडविणाऱ्याच्या पाठीशी आम्ही पदाचे नाव न विचारता उभे राहू, असा ठराव प्रत्येक शाखेने करावा.

आय.टी.आय.तली मुले मला विचारतात, "काका, चार्जमन व्हायला काय वाचू?" मी त्यांना पुस्तके सांगतो, आणि शंभर पानी एक वहीही विकत घ्यायला सांगतो. उमेदवारीच्या पहिल्या दिवसापासून आपण हात लावलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर, तक्रार आणि आपण काय केले ते त्या वहीत लिहीत जा. त्या अड्ड्यावर मी अशी वही ठेवली असती, तर सहा सकाळी भरलेले ऑइल तिथे सहा ओळींत दिसले असते. त्या ड्रायव्हरच्या बाजूने बोलायला निदान एक कागद तरी असता.